सासूबाईंची तपासणी

आदरणीय स्टोयांका सासूबाई,

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही ते नदीपलीकडच्या तुमच्या अख्ख्या रुसे शहरात वाचून दाखवाल.

आपल्या दोन देशांमधल्या पुलावरच्या या सीमाचौकीत माझे वडील बंदूक घेऊन सैनिक म्हणून उभे राहिले, मी सीमा पोलीस म्हणून. दर रविवारी तुम्ही लेकीला भेटायला यायचात, मी ओळखपत्र मागायचो, तुम्ही चिडायचात, "सासूला ओळखत नाही?"

आपल्या दोन देशांमधली तपासणी कायमची बंद झाली, त्या रविवारी तुमची गाडी सरळ पुढे गेली. मला वाईट वाटलं. तेवढ्यात तुम्ही चालत परत आलात आणि ओळखपत्र पुढे केलंत.

"बघा हो जावईबापू. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय."

मी फोटो आणि चेहरा नीट ताडून पाहिला. मग सांगितलं, माझी बदली सर्बियाच्या सीमेवर झालीय.

"तिकडे तपासतात?"

"तपासतात."

"मग मी सर्बियातून वळसा घालून येईन."

वाट पाहणारा,
तुमचा जावई ड्रागोश