एक चमचा कमी

२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात दादासाठी चार बाटल्या आहेत, आपली ढगाळ गव्हाची बीअर. आम्ही बाटल्या अर्धवट भरतो अशी त्याची बावीस वर्षांची तक्रार आहे, म्हणून या वेळी यंत्रापाशी उभं राहून गळ्यापर्यंत भरून घेतल्या. त्याला म्हणावं, आता मोज.

पत्र मात्र फक्त तुझ्यासाठी. फोन केला असता, पण तुझा नवरा स्पीकर लावून शेजारपाजाऱ्यांनाही ऐकवतो. तर ऐक आणि आरडाओरडा करू नकोस. पंधरवड्यात दोनदा माझ्या अंगावर गांधी उठल्या. पहिल्यांदा वाटलं, नवा साबण बाधला. दुसऱ्यांदा वरचा ओठ एवढा सुजला की मी दिवसभर तोंडाला रुमाल लावून दाढ दुखत असल्याचं सोंग केलं. दोन्ही वेळा नुकतीच गव्हाची बीअर चाखली होती. काळी चाखते, पिवळी चाखते, काही होत नाही. नेमकी तीच एक, जिची कृती माझी आहे!

आता अडचण सांगते. आमच्या चाखायच्या खोलीत एक फळा आहे. कुठलीही टाकी बाटल्यांत भरायच्या आधी मुख्य ब्रुअरने, म्हणजे मी, घोट घ्यायचा आणि फळ्यावर सही करायची. सही नाही तर यंत्र सुरू होत नाही. जिला चाखता येत नाही तिने बनवू नये, असं मालकीणबाई स्वच्छ म्हणतात. त्यांना कळलं तर मला लेबलांच्या खोलीत बसवतील. बावीस वर्षं टाक्यांच्या शिड्या चढले ती काय कागदाला गोंद फासायला? म्हणून मी आधी ॲलर्जीची गोळी घेते, मग घोट, मग सही. तरी नाक चोंदतं, चोंदू दे. काल चार नंबरच्या टाकीवर सही केली. या बाटल्या तिच्यातल्याच. पंधरा तारखेला गाड्या निघतील.

एका ओठाला घाबरून मी माझी टाकी सोडणार नाही, लिहून ठेव.

लोभ नेहमीसारखा भरपूर पाठव, उपदेश घरीच ठेव.

तुझी,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद संपले, आता बोलणी खा. अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? आज ओठ सुजला, उद्या घसा सुजेल. श्वास अडकल्यावर फळ्यावर सही कोण करणार, तुझं भूत? पत्र वाचून संपेपर्यंत डॉक्टरकडे गेली नाहीस तर हे सगळं तुझ्या दादाला मोठ्याने वाचून दाखवीन. मग तो तिकडे येऊन तुझ्या मालकीणबाईंना व्याख्यान देईल. बघ, काय हवंय ते.

आता दुसरं. हे लिहायला मी दोन दिवस घेतले. चार नंबरच्या टाकीला लोण्याचा वास आहे. जिभेवर आधी संत्र्याची साल येते, ती ठीक, पण मागून लोणी येतं आणि टाळूला चिकटून बसतं. तुझ्या बीअरला असं कधी नव्हतं. तुझ्या दादाने पहिल्या घोटाला उत्तम म्हटलं, पण तो तर माझ्या करपलेल्या दुधालाही उत्तम म्हणतो.

मला कसं कळलं, हे विचारशीलच. तुझ्या धंद्याचं नाव निघालं की मी तोंड वाकडं करून स्वयंपाकघरात जाते, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. बाटल्याही स्वयंपाकघरातच असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाटली उघडून त्याला मीच देते, आणि देण्याआधी प्रत्येक नव्या बाटलीतून एक चमचा घेते. एकच. बावीस वर्षं. तू पाठवलेली एकही चाखायची राहिली नाही. तुझा दादा कमी भरल्या म्हणतो ते खोटं नाही गं, गरिबाला उगीच नावं ठेवू नकोस.

गाड्या थांबव.

जीव सांभाळ, एवढीच माया पुरे.

तुझी,
वहिनी

१० मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

लोणी? माझ्या टाकीत? मीटरवरचे सगळे आकडे बरोबर आहेत. बावीस वर्षं चोरून एक-एक चमचा घेतलास म्हणून काय ब्रुअर झालीस? मी कधी तुझ्या फोडणीत नाक खुपसलं का? डॉक्टरकडे परवा जाते, तेही दादाचं व्याख्यान टाळायला.

भिंगरी

१४ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. माझं तोंड माझ्याच हाताने फुटलं.

तुला पत्र टाकून आले आणि राहवेना. चार नंबरचे दोन पेले गरम पाण्यात ठेवले. लोणी असेल तर उबेने वर येतं. मी नाक लावलं, काहीच नाही. मग बाटल्या भरणाऱ्या दोघींना हुंगायला लावलं. दोघींनी एकदम तोंडं वाकडी केली. लोणी, त्या म्हणाल्या. म्हणजे बीअर यीस्टवर आणखी चार दिवस ठेवायची होती, मी घाईने काढली. नाक चोंदलेलं असताना मी काय चाखत होते, देव जाणे. नुसती सही करत होते. ओठ सुजला त्याचं मला काही नाही, पण या सहीची लाज वाटते गं. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटी सही.

मालकीणबाईंना स्वतः जाऊन सांगितलं. सगळं, गोळ्यांसकट. त्यांनी गाड्या थांबवल्या, भरलेल्या बाटल्या आणि उरलेली टाकी ओतायला लावली, मी स्वतः झडप उघडली. डॉक्टरांनी हातावर सगळ्या बीअरचे थेंब टोचून पाहिले. त्यांचं म्हणणं, नुसता पाव मला चालतो, नुसतं अल्कोहोलही चालतं, पण गहू आणि अल्कोहोल जोडीने आले की माझ्या अंगात दंगल होते. गव्हाच्या बीअरचा थेंबही यापुढे तोंडात घालायचा नाही, थुंकायचा असला तरी नाही. काळी-पिवळी चाखायच्या दिवशी पाव बंद. गोळ्यांच्या जोरावर चाखत होते हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

एक एप्रिलपासून लेबलांची खोली, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, जाणार नाही. माझे हात शाबूत आहेत, कृती माझी आहे, आणि जीभ मी आणते. कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. बाई हसल्या. घरी बसणाऱ्या बाईची परीक्षा घेईन म्हणाल्या. सोबत पाच छोट्या बाटल्या आहेत, नुसते आकडे घातलेल्या. कशात काय आहे ते मलाही ठाऊक नाही.

नाही म्हणालीस तरी तुझ्यावर राग नाही. पण नाही म्हणू नकोस.

तुझी लाडकी आणि सध्या तोंडावर आपटलेली,
भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

या वेळी स्वयंपाकघरात चोरून नाही, जेवणाच्या टेबलावर बसून चाखलं. पाचही पेले मांडले आणि बाजूला थुंकायला भांडं. तुझा दादा आला आणि दारातच थिजला. मग मी त्याला चमच्याचं सगळं सांगून टाकलं. त्याने एक बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, म्हणजे माझं बरोबर होतं, बाटल्या कमीच होत्या. आता तेच सगळ्यांना सांगत फिरतोय.

मालकीणबाईंना माझा निरोप जशाचा तसा दे. एक आणि दोन नंबर एकाच टाकीतल्या आहेत, मला फसवायला वेगवेगळ्या भरल्यात. माझ्याशी असले खेळ करायचे नाहीत. तीनमध्ये ते लोणी, तीच ओतलेली टाकी. चार कुठेतरी उकाड्यात बरेच दिवस पडून होती, ओल्या पुठ्ठ्याची चव लागते. पाच चांगली आहे, पण तिच्यात संत्र्याची साल एक नंबरपेक्षा जास्त आहे, मूठभर तरी.

हे चुकलं तर तू लेबलं चिकटव, मी गप्प बसेन. पण चुकलेलं नाही.

माया कमी-जास्त होत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

वहिनी

२३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मालकीणबाईंनी तुझं पत्र चाखायच्या खोलीत उभं राहून वाचलं. चार नंबरपर्यंत बरोबर, बरोबर म्हणत मान डोलवत होत्या. पाचाला म्हणाल्या, इथे चुकली, ही एक नंबरसारखीच आहे. मी म्हटलं, साल घालणाऱ्याला बोलवा. तो आला, कान खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, हो, मूठभर उरली होती, टाकायला जिवावर आलं. अगं, मी त्या खोलीत टाळी वाजवली!

लेबलांची खोली रद्द. टाक्या माझ्याकडेच. दर आठवड्याला नमुन्याची बाटली तुझ्याकडे येईल आणि तुझं पत्र आल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. बाईंनी फळ्यावर माझ्या सहीशेजारी तुझ्यासाठी जागा आखलीय. वर लिहिलंय, ब्रुअरची वहिनी.

भरपूर लोभ, आणि यापुढे मीही तुझ्या फोडणीत नाक खुपसणार.

भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नमुना पोहोचला. चांगला आहे, भरा.

फळ्यावरचं ते ‘ब्रुअरची वहिनी’ मात्र पुसायला सांग, त्या जागी खाली माझ्या सहीत आहे ते लिहा. मी अडतीस वर्षं कुणाची तरी बायको, कुणाची आई आणि तुझी वहिनी आहे, आनंदाने आहे, मरेपर्यंत राहीन. पण ती चव मी कुणाची वहिनी आहे म्हणून कळली नाही. बाई कुरकुरल्या तर सांग, नमुने परत पाठवीन, न उघडता.

डॉक्टरांचं ऐक. तुझ्या दादाला सध्या आवर घालता येत नाही. येईल त्याला बाटली दाखवतो आणि सांगतो, आमच्या घरी तपासून घेतलेली आहे.

बाटली गळ्यापर्यंतच भरत जा, चमचाभर माझा धरून.

तुझी,
चाखणारी, गव्हाची बीअर