बॅगेत सापडलेली सात किलो अम्मी

प्रिय झुलेखाखाला,

सलाम. माणसाचं वजन उतरतं तेव्हा ते जातं तरी कुठे? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर येत नाही. अम्मीचं सात किलो मात्र विमानतळावर सापडलं, तेच सांगायला लिहिते आहे. तुमचे गुडघे, तुमच्या बकऱ्या आणि खालूंचा खोकला आटोक्यात असतील, अशी आशा.

भाऊ नौमान गावी निघाला होता. आमच्या इथे, कुवेतमधल्या रिग्गईच्या घरात, बॅग तोलायची एक रीत आहे. बॅग काट्यावर ठेवली की आकडाच झाकला जातो, म्हणून अम्मी ती कवटाळून काट्यावर उभी राहते आणि आम्ही पन्नास वजा करतो. (अम्मी पन्नास किलोची, हे ती कुवेतला आली तेव्हापासून ठरलेलं. अब्बांचं वजन दर ईदला बदलतं, म्हणून हे काम त्यांच्याकडे नाही.) घरी तेवीस भरलेली बॅग विमानतळावर तीस निघाली. "तुमचा काटा खोटा आहे," असं म्हणत नौमान काउंटरवरच्या माणसाशी मनसोक्त भांडला. शेवटी तुमच्यासाठी घेतलेली दूधपावडर आणि ब्लँकेट काढून मी घरी परत आणलं. येताना टॅक्सीत गणित पुन्हा केलं. काटा खरा होता. पन्नास खोटे होते.

त्रेचाळीस किलोच्या अम्मीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात अंगावर इतकं कमी असलं की हाडंही विरळ झालेली असू शकतात. मग साधं घसरणंसुद्धा मनगटावर नाहीतर खुब्यावर बेततं. हाडांची तपासणी करून घ्या. आणि अम्मी गेल्याच महिन्यात नमाजाआधी वजू करताना घसरली होती, नळ हाताशी आला म्हणून वाचली. मी तिला आकृत्या काढून सगळं समजावलं. तिने फार कौतुकाने ऐकलं आणि ऐकता ऐकता स्वतःचं अंडं अब्बांच्या ताटात सरकवलं. वर म्हणाली, "आमच्या खानदानात हाडं दिसतात, मोडत नाहीत. आपाला बघ."

आपा म्हणजे तुम्ही.

तुमची,
जवेरिया

ता. क. अम्मीने सोमवारी तपासणी करून घेतली. हाडं विरळ झाली आहेत, पण वेळेत कळलं. आता औषध चालू आहे, आणि तुमची दूधपावडर तीच पिते, तोंड वाकडं करून.

ता. क. २. ती तयार झाली, कारण मी तिला सांगितलं की आपाने स्वतःची तपासणी करून घेतली. खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही आणि तुम्ही अम्मीहूनही बारीक आहात. म्हणून चिपळूणला तपासणीसाठी तुमचं नाव मी कालच नोंदवलं. तुमच्या शेजारचा ओवैस शनिवारी सकाळी रिक्षा घेऊन येईल. तुम्हाला घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे.