रोट घराबाहेर गेले होते

प्रिय शांताक्का,

धुळ्याच्या कोर्टाचं समन्स आलं आहे. परवा सकाळी अकराला साक्षीला हजर व्हायचं. तिथे शपथेवर जे बोलणार, ते आधी तुला सांगितल्याशिवाय माझा पाय एस.टी.त पडायचा नाही, म्हणून लिहायला बसले. कागद मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे आहेत, मागून कोरे. असशील तिथून हसशील मला. हस.

दुपारचे दोन वाजलेत. दाराला आतून कडी, वर पाटा टेकवलेला. तू गेल्यापासून पिंप्राळ्यातली एक बाई दुपारी दार उघडं टाकत नाही.

आठवतं का, धुळ्याच्या मास्तरणीची बातमी पेपरात तूच मला वाचून दाखवली होतीस? मग महिन्याभरात भुसावळची, रेल्वे क्वार्टरातली. दोघी दुपारच्या एकट्या. अंगावरचं सोनं गेलेलं आणि दार मोडलेलं नाही. "म्हणजे ओळखीचा असणार गं, हिरा," तू म्हणाली होतीस, "आपणहून दार उघडलं त्यांनी." तिसरी तू असशील असं कसं वाटावं मला? तू तर कुत्र्यालासुद्धा विचारून आत घ्यायचीस.

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आधी पोलिसांनी भाऊंनाच नेलं. स्वतःच्या बायकोला कोणी असं करील का? पण दोन दिवस बसवून ठेवलं. ते परत आले ते जिनिंग मिलमध्ये तोंड दाखवेनासे झाले. मग दूधवाला झाला. आणि मग नथू.

हो, तुझ्या माहेरचा नथू कल्हईवाला. सणासुदीच्या आधी तो गावोगाव फिरतो हे सगळ्यांना ठाऊक. पण पोलिसांनी जुळवून पाहिलं, तर त्या त्या आठवड्यांत तो धुळ्यालाही होता आणि भुसावळलाही. झालं. नथू सापडला तेव्हा आळीतल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मारुतीला नारळ फोडला, अक्का. हे हात जोडून सांगते आहे तुला. मी नारळ फोडला!

तू गेलीस त्या दिवशी कानबाई उठून, म्हणजे तिचं विसर्जन होऊन, तीन दिवस झाले होते. तुझ्या सासूबाई जिजी रामाच्या देवळात पोथीला गेलेल्या. मी मागच्या अंगणात मुगाच्या वड्या घालत होते. नवसागराचा तो झोंबरा वास येत होता, म्हणजे नथूचा भाता तुझ्या लिंबाखाली चालू होता. तासाभराने तो निघाला. धोतराच्या सोग्यात काहीतरी झाकून घेतलेलं. मला बघून त्याने मान खाली घातली.

तो गल्लीच्या तोंडाला वळला आणि तू मेंदीच्या कुंपणाशी आलीस. चेहरा कसनुसा झालेला. म्हणालीस, त्याच्या पोटात दोन दिवस काही नाही, दुष्काळात कल्हई कोण करून घेतं, पोरांसाठी तरी दे म्हणाला, घरात दुसरं काही रांधलेलं नव्हतं, म्हणून दोन रोट दिले.

रोट! कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून दळायचं. रोट भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, परक्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही. हे खानदेशातल्या शेंबड्या पोराला कळतं. आणि तू, त्या घरची सून, ते कल्हईवाल्याच्या सोग्यात बांधून दिलेस?

मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो. "देवीचं अन्न असं वाटतात होय? घरावर काही आलं म्हणजे कळेल." तू म्हणालीस, जिजींना सांगू नकोस, कोणालाच नको, तुला कानबाईची आण. मग जरा थांबून म्हणालीस, "बैस ना थोडी माझ्यापाशी. मन थाऱ्यावर नाही."

मी बसले नाही. वड्या वाळत घालायच्या आहेत म्हणाले आणि आत येऊन दार लावून घेतलं. वड्या घालून झाल्या होत्या, अक्का.

अर्ध्या तासाने तुझ्याकडे भांडं पडलं. मोठं, पातेल्यासारखं. मला वाटलं, माझ्यावरचा राग काढते आहे. मी पोथीचं पान उलटलं.

पाचला जिजी आल्या आणि त्यांचा आवाज आला.

फौजदार आमच्या ओट्यावर बसला होता. कोण आलं, कोण गेलं? मी सांगितलं, नथू मागच्या दाराने निघाला, सोग्यात काहीतरी लपवलेलं होतं. त्यानंतर शांताबाई दिसल्या का? मी नाही म्हणाले. एवढा एकच शब्द. तुझी आण पाळली असं तेव्हा वाटलं मला. खरं सांगू? भीती दुसरीच होती. रोट बाहेर दिले म्हणून देवीने नेली, असं आळी म्हणाली असती. तुझ्या मरणाला तुझीच चूक चिकटली असती. आणि माझ्या मनात तेच येत होतं, ते निराळं.

नथूने पोलिसांना खरंच सांगितलं होतं बरं! रोट दिले, पोरांनी खाल्ले. फौजदार हसला म्हणे. तो अमळनेरकडचाच, त्याच्याही घरी कानबाई बसते. रोट कोणी कल्हईवाल्याला देतं? तरी जिजींना विचारलं. जिजी म्हणाल्या, आमच्या घरातून रोट कधी बाहेर गेला नाही, जायचा नाही. नथूचं खरं बोलणंच त्याच्या गळ्याशी आलं.

गेल्या आठवड्यात भर दुपारी कडी वाजली. कोण म्हणून विचारलं, तर बाईचा आवाज. नथूची बायको, चोपड्याहून आलेली. "दार उघाडू नका, ताई. तठूनच सांगा. तो बाहेर निंघना तवय ती बाई जित्ती व्हती का नही, इतलंच सांगा." मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मला माहीत नाही म्हणाले. ती थोडा वेळ तिथेच होती. तिच्या काकणांचा आवाज येत होता. मग "बठ्ठा हाईच म्हनतस", सगळे हेच म्हणतात, असं बोलून गेली.

त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. तिन्ही खून त्याच्या माथी आहेत, फाशी होईल. आणि तो नव्हे, तर जो आहे तो कुठे आहे? कोणाच्या कडीला हात घालतो आहे? त्यानंतर तू दार कोणाला उघडलंस, अक्का?

काल जिजींकडे गेले. कोर्टात सगळं वाचलं जाणार, त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. त्या तांदूळ निवडत होत्या. मी रोटांचं सांगितलं. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, मला माहीत होतं. रोट त्यांनीच मोजून ठेवले होते. त्याच संध्याकाळी, तू ओसरीवर झाकून ठेवलेली असताना, त्यांनी डबा उघडून पाहिला. दोन कमी. आणि तरी फौजदाराला नाही म्हणाल्या. आम्ही दोघी तशाच बसलो होतो, एकमेकींकडे न बघता.

मग म्हणाल्या, "कोर्टमा नाव मनं घे. म्हतारीनी दिधं म्हन. पोरीनं नाव नको." म्हातारीने, तू जाईपर्यंत तुला धारेवर धरणाऱ्या म्हातारीने, देवीचा कोप आपल्या डोक्यावर मागून घेतला, अक्का. मला रडू आवरेना. पण त्या तर पोथीला होत्या, पंचवीस बायकांनी त्यांना पाहिलं होतं. मी म्हणाले, नको जिजी, आता खोटं पुरे झालं. त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

ह्यांना सांगितलं तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "तुला समजतंय का? नथूनंतर तिच्याशी बोललेली तू. भांडलेली तू. जबाब खोटा दिलेली तू. भाऊंना दोन दिवस बसवलं, तुला किती बसवतील?" घरात मुलं आहेत, वार्षिक परीक्षा आहे, हेही म्हणाले. चूक काहीच नाही त्यात. मग उठून स्वतःच एस.टी.चं वेळापत्रक बघायला गेले.

तू रागावली आहेस का? तुझी आण मोडते आहे. कानबाईसमोर काल दिवा लावून बसले, पण क्षमा मागायला तोंड उचलेना. तिने तुला रोटांसाठी नेलं असं मी मनात धरलं होतं, त्याची क्षमा आधी कोणाकडे मागायची, तिच्याकडे की तुझ्याकडे? तू भुकेल्याला दिलंस. ज्या हाताने तुला मारलं त्याला रोटाशी काय देणंघेणं! एवढं कळायला मला आठ महिने लागले.

परवा मी सगळं सांगणार. सोग्यात काय होतं ते. तो वळल्यावर तू कुंपणाशी आलीस, धडधाकट, बोलती. मी तुला काय बोलले ते, आणि तू बैस म्हणालीस ते. भांडं पडलं ते. वकील विचारील, बाईंना जिवंत असं शेवटचं कोणी पाहिलं? या वेळी मी नाही म्हणणार नाही. मी पाहिलं, म्हणेन. मी, हिरा, शेजारीण.

तुझ्यापाशी न बसलेली,
हिरा