तुझ्या नावाची पँट

आई, तुझं नाव उसवायला घेतलं आहे. रोह्याच्या गाळ्यात मी आणि शिवणकाम करणाऱ्या काकी समोरासमोर बसून पँटच्या मागच्या खिशावरचे दोरे ओढून काढतो आहोत. तुझं नाव तिथे गेलं कसं, ते आधी सांगायला हवं. तुला न विचारता गेलं. विचारायला तू उरली नव्हतीस.

पेणच्या घरात तुझं मशीन स्वयंपाकघरातच असायचं. भाताला वाफ येईतो एक पाय शिवून व्हायचा. कंपनीत जाणाऱ्या माणसांच्या पँट तू शिवायचीस, ढगळ, दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा जोडलेल्या. कॉलेजात असताना एकदा कापड वाचवायला मी तो तुकडा गाळला. तू ओरडली नाहीस. ती पँट मलाच घालायला लावलीस आणि म्हणालीस, "आता बस उकिडवी." बसले, आणि शिवण टरकन फाटली. "माणूस कंपनीत वाकतो गो," तू म्हणतेस, आणि माझ्याकडे न बघता चुलीवरून आधण उतरवतेस. "आरशासमोर उभा नाय राहत."

तुझ्या मांडीवर झोपायचा तो ताईचा मुलगा मोठा होऊन डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर लागला. शिफ्ट सुटली की मित्रांबरोबर खाडीच्या बांधावर गाणी करायचा. तुला कसं समजावू? गाणं नव्हे, तालावर भराभर बोलणं. लग्नात धवले गाणारी धवलारीण ओळीला ओळ जोडत पुढे जाते ना, तसं. फक्त ती देवांना आमंत्रण देते, हा सुपरवायझरचा उद्धार करायचा. एका व्हिडिओत त्याने ट्रंकेतली तू शिवलेली पँट घातली, जी न्यायला गिऱ्हाईक कधी आलंच नव्हतं. लोकांनी गाण्यापेक्षा पँटचीच चौकशी जास्त केली. मी तसंच कापड बेतलं, रोह्याला गाळा घेतला आणि मागच्या खिशावर तुझं नाव भरलं. काकी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आयशीचं नाव लोकांच्या बुडावर लावलंस गो. कुठंकुठं बसवणार हायस तिला?" आम्ही खूप हसलो. काही वर्षं तू नागोठण्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत बसलीस. गडबच्या नाक्यावर एका अनोळखी पोराच्या खिशावर तुझं नाव वाचलं, त्या दिवशी मी गाडी बाजूला घेतली आणि तो वळणाआड जाईतो बघत राहिले.

मग ते ओसरलं. कुणी फसवलं नाही. मोठ्या कंपन्यांनी तशीच पँट काढली, मग त्यांनीही सोडून दिली. गेल्या गणपतीत भाचा आला तो दुसऱ्याच कंपनीच्या कपड्यांत. तोच म्हणाला, "मावशी, आता असलं कोण घालत नाय." म्हणताना बिचारा जमिनीकडे बघत होता. तेव्हापासून मनात येतं, खपत होतं ते नेमकं काय? तुझा चौकोनी तुकडा, की त्याची जीभ? त्यात माझं काय होतं? उत्तर शोधायचाही आता कंटाळा आला आहे.

उरलेला माल रोह्याचे एक चाचा घेत आहेत. त्यांच्या मुलाचं आखातात कपड्यांचं दुकान आहे. त्यांनी शिवण उलटून पाहिली, अंगठ्याने दाबून पाहिली. "कपडा चांगला हाय, बेटी. नाव तेवढं काढून दे. तिकडे दुकानाचं नाव लागतं." मी विचार करायला वेळ मागितला. नाही म्हटलं तर येत्या पावसात सगळ्याला बुरशी लागणार, हो म्हटलं तर त्यातून तू जाणार. काकींना विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "घाईनं ओढू नको, कापड फाटंल." म्हणजे त्यांच्या लेखी ठरलंच होतं.

पहिल्या खिशावरचं पहिलं अक्षर मला काढवेना. ते काकींनी काढलं. वाटलं होतं, रोज रडू येईल. आज दुपारी लक्षात आलं, हात चालू आहेत, मी काकींशी सुक्या बोंबलांबद्दल बोलते आहे, आणि मांडीवरच्या पँटवरचं तुझं नाव कधी संपलं ते मला कळलंच नाही. पँट उजेडात धरून पाहिली. नावाशिवाय ती जास्त चांगली दिसत होती. हे मी ताईला सांगितलेलं नाही. तुझा पत्ता असता, तरी तुलाही कळवलं नसतं.