बटणाखालची वस्ती

मळवली, रविवार संध्याकाळ

मी बनवतोय त्या लढाईच्या गेममध्ये आमचंच गाव आहे. कोपऱ्यातला छोटा नकाशा नीट वापरता येतो का, हे बघायला शाळेपासूनच्या मित्राला, संदेशला, बसवलं. स्टेशन, देऊळ, आमचं घर, सगळं त्याला पटापट सापडलं. मग म्हणाला, "आमचा बौद्धवाडा कुटंय रे?"

झूमच्या बटणाखाली. तिथं रिकामं वाटलं, म्हणून बटण तिथं ठेवलं होतं.

"हलव की मग," तो हसत म्हणाला. "आमी काय बटण डोक्यावर घेऊन बसायचं व्हय?"

बटण हलवलं. खाली नुसतं गवत. घरं मी काढलीच नव्हती.

संदेश अर्धा चहा टाकून गेला. आता घरं काढायला बसलोय, तर त्याचं दार कुठल्या बाजूला आहे तेच आठवेना. आठवेना कसलं? मी कधी गेलोच नाही.