राख लावलेले वाल

आई,

तुमी शेतावरून याल तेव्हा मी घरी नसेन. अकराच्या एसटीने किन्हवलीला काशीमावशींकडे चाललेय. भाकरी टोपलीत आहेत, आमटी तेवढी गरम करून घ्या.

कोनाड्यातलं मडकं उघडायच्या आधी हे वाचा. त्यातले वाल मी खाल्ले. एका दिवसात नाय, आठ दिवस खात होते. माझी साखर वाढली तेव्हा मीच ठरवलं ना, पुड्यातलं काय खायचं नाय, घरचं अख्खं धान्य खायचं. पण जेवून दोन तास झाले की पोटात खड्डा पडायचा. मग मूठभर वाल धुऊन तव्यावर भाजायचे आणि वर तुमालाच शिकवायचे. तुमीपण चार चावलात, चांगले लागतात म्हणालात.

खायच्या वालांना कोण राख लावत नाय, हे आज सकाळी ह्यांनी सांगितलं. उद्या पेरायचं बी होतं ते. तुमच्या आईने लग्नात ओटीत घातलेलं, हेही आजच कळलं.

मावशी तुमची सख्खी बहीण, त्यांच्याकडे तेच बी असेल. पाया पडून मागून आणते.

तुमच्या खारीचा डबा मी माळ्यावर टाकला होता, तो खाली काढलाय. चहाबरोबर खा, मी काय बोलणार नाय.

दीड मूठ वाल उरलेत. ते तुमच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंय. किल्ली देवाजवळ आहे, ती कमरेला लावा. मी मागितली तरी देऊ नका.

अक्षदा