बकरीचं नाव

सौंसर, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनुराधा,

रविवारी न्हाऊन आपण कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाच्या गच्चीवर केस वाळवायचो. तू माझी वेणी इतकी घट्ट घालायचीस की डोळे ताणले जायचे. आज सकाळी ते आठवलं. तू बरी असशील. इकडे संत्र्याचा तोडा चालू आहे.

निवृत्तीनंतरही मी मोहगावच्या शाळेत गोष्टीचा तास घेते. गोष्ट संपली की मुलांना व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभं करते. खालच्या पायरीवर सोपे प्रश्न: कोण, कुठे, काय. उत्तर आलं की वरची पायरी: का? सगळ्यात वर: तू काय केलं असतंस?

परवा पुरात आपली बकरी दाव्यातून सोडणाऱ्या म्हातारीची गोष्ट होती. पाचवीतली सुचिता म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही या खालच्या पायरीवर. बकरीचं नाव काय?"

मला सांगता येईना. नाव मीच ठेवलं होतं, थोड्या वेळापूर्वी.

"मंग म्हातारीनं सोडली काहून?"

"बांधलेली राहिली असती तर तिच्यासोबत बुडली असती." हे लगेच आलं.

"मॅडम तर वरूनच चढून राहिल्या," रोशन म्हणाला. सगळे हसले, मीही. सुचिता म्हणाली, "तुम्ही वरच बसा. खालचं आमी पाहून घेतो."

नागपूरच्या डॉक्टरांनीही खालचंच विचारलं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत. हे विसरणं वाढतच जाईल, असं ते माझ्या लेकीला, हिमानीला म्हणाले. मी शेजारीच होते. काही वाटलं नाही. येताना बसमध्ये आम्ही शेंगदाणे खाल्ले.

अनु, दिवाळीत मी फोनवर "उत्तमराव कसे आहेत?" विचारलं आणि तू फोन ठेवलास. ते गेले त्या दिवशी तुझ्याजवळ मीच बसले होते, हे मला नंतर हिमानीनं सांगितलं. टोमणा नव्हता तो. पुन्हाही विचारीन कदाचित. तेव्हा फोन ठेवू नकोस.

डिसेंबरपासून तास बंद. हिमानी मला नागपूरला नेते आहे. ती घर आवरेल तेव्हा तू पांढुर्ण्याहून ये. गोष्टींची पुस्तकं शाळेला. कपाट नको, वाळवी लागली आहे. हातघड्याळ सुचिताला. काळी शाल आमच्याकडे कामाला येणाऱ्या अंबाबाईला. ती नको म्हणेल, तरी द्यायची. फोटोंचा डबा तुला. मागे नावं लिहिलेली नाहीत. तू लिही, उत्तमरावांचं सगळ्यात आधी.

आजची तुझी,
चंद्रकला